भांगातली भांग

खैरलांजी म्हटलं की महाराष्ट्रातल्या माणसाला २००६ सालचं हत्याकांड आठवतं. ते गाव भंडारा जिल्ह्यातलं, मोहाडी तालुक्यातलं. मी सांगतोय ते खैरलांजी बालाघाट जिल्ह्यातलं, तहसीलीचं. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या तेव्हा हा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. सोयरिकी मात्र तुमसर-गोंदियाकडेच होत राहिल्या, त्यामुळे मामाजींच्या घरात अजूनही पोवारी बोलली जाते, कचेरीत हिंदी आणि पाहुणे आले की मराठी.

मामाजी तुमसरला औषधाच्या दुकानात अडतीस वर्षं फार्मासिस्ट होते. आता धान, दोन म्हशी आणि वर्तमानपत्र. माझी मावसबहीण याच गावात दिलेली. तिचं ब्युटी पार्लर आहे. धान खळ्यावर येऊन पडलं होतं, त्या दिवसांत मी गेलो असताना ती संध्याकाळी ओसरीवर आली आणि पिशवीतून दोन बाटल्या काढून मामाजींपुढं ठेवल्या. बाटल्या काळपट काचेच्या, ड्रॉपरच्या. एका एजंटानं नमुना म्हणून पाठवलेल्या. तिला त्या पार्लरमध्ये ठेवायच्या होत्या.

भाची : मामाजी, फक्त वाचून सांगा. ठेवायच्या की नाही ते मी पाहीन.

मामाजी : मग वाचायला तरी मला काहून लावतेस? आण इकडं. (चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसून) ही पहिली. पुढं सात बोटांचं हिरवं पान, मोठ्या अक्षरात हेम्प हेअर ऑइल. मागं काय म्हणते? कॅनाबिस सटायव्हा सीड ऑइल. कॅनाबिस म्हणजे भांग, सीड म्हणजे बी. बाई, यात तुझं ते सीबीडी, भांगेच्या झाडातलं रसायन, नाही.

भाची : एजंट तर सीबीडी म्हणूनच बोलला जी.

मामाजी : त्याला विचार, जवसाच्या तेलात जवसाच्या फुलाचा निळा रंग उतरतो का? सीबीडी तयार होते ते फुलोऱ्यावरच्या, पानावरच्या चिकट लवीत. बी कोरडं. बियांना बाहेरून जो चीक लागून आला असेल तेवढाच. हे बियांचं तेल वाईट आहे असं मी म्हणत नाही. जवसाचंच भावंड समज. निम्म्याहून जास्त लिनोलेइक आम्ल, थोडं ओमेगा-३. केसाला चकाकी येईल, टाळू मऊ राहील. लवकर खवट होते, म्हणून काळी बाटली. पण जवसाच्या भावंडाला भांगेच्या भावानं विकायचं म्हणजे काय?

इथं मला मध्ये बोलावंसं वाटतं. मराठीत केस दुभागतात तो भांग आणि घोटून पितात ती भांग. एक पुल्लिंगी, एक स्त्रीलिंगी. घरातल्या बाईच्या भांगाला सौभाग्याचा मान आणि भांगेचं नाव घेतलं की तुळशीत उगवल्याचा टोमणा. सात बोटांच्या पानाचं चित्र बाटलीवर छापणाऱ्याला या दोन्हींतलं काहीच ठाऊक नसेल, पण त्याला एवढं नक्की ठाऊक आहे की त्या पानाला पाहून लोक दचकतात आणि दचकलेला माणूस बाटली हातात घेतो.

भाची : बरं, ती राहू द्या. दुसरी पाहा. तिच्यावर सीबीडी लिहिलंय. तीनशे मिलिग्रॅम.

मामाजी : हो, ही वेगळी आहे. विजया-पत्र अर्क, नारळाच्या तेलात. विजया म्हणजे भांगच, वैद्यांचं नाव. आयुर्वेदिक औषधाचा परवाना क्रमांक आहे. पत्र लिहिलंय, म्हणजे पान. हे त्यांनी जपून लिहिलंय. १९८५ च्या अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा, चरस म्हणजे राळ. फुलोऱ्याशिवायचं पान आणि बी त्या व्याख्येत धरलेलं नाही, ते राज्यांच्या हाती. म्हणून इकडं मध्य प्रदेशात भांगेची सरकारी परवान्याची दुकानं चालतात. नदी ओलांडून महाराष्ट्रात गेलीस की १९४९ चा दारूबंदी कायदा लागतो, तिथं भांगेलाही परवाना हवा. तुझी अर्धी गिऱ्हाइकं माहेरी तुमसरला जाणार, पर्समध्ये ही बाटली. नाक्यावरचा शिपाई पत्र आणि पुष्प वेगळं करत बसेल का?

भाची : म्हणजे तुम्हाला भीती कायद्याची.

मामाजी : मला भीती कसलीच नाही. मी लेबल वाचून राहिलो.

भाची : मग तेही वाचा ना, की ही वनस्पती आपलीच आहे. आपल्याला लाज वाटायला कोणी शिकवली? इंग्रजांनीच १८९३ साली आयोग नेमला होता, गांजा-भांगेमुळे माणसं वेडी होतात का ते तपासायला. हजाराहून जास्त साक्षीदार तपासले, सात खंडांचा अहवाल. निष्कर्ष काय? बेतानं घेणाऱ्याचं फारसं बिघडत नाही, बंदी घालू नका. तेव्हा आपण मध्य प्रांतात होतो, नागपूरच्या राज्यात. इथल्या दुकानांत येणारा गांजा निमाडातून, खांडव्याकडून यायचा, लागवड तिथंच करायची मुभा होती. म्हणजे आपले पणजोबा परवान्याचा गांजा पाहत होते आणि आपण पान पाहून दचकतो.

मामाजी : (हसून) हे फोनवर वाचलंस?

भाची : हो. तुम्ही वर्तमानपत्रात वाचता, मी फोनवर. अक्षरं तीच.

मामाजी : खरं आहे. पण त्या आयोगानं चिलमीबद्दल विचारलं होतं, टकलाबद्दल नाही. जुनं आहे म्हणून डोक्याला लावावं हे कुठून आलं? आपल्या आज्या केसाला मोहाच्या टोरीचं तेल लावत, जवसाचं लावत, माका आणि जास्वंद खोबरेलात उकळत. डोक्याला भांग लावलेलं मी तर कोणाला पाहिलं नाही. परंपरा म्हणून विकायचं असेल तर निदान परंपरेत असलेलं विक.

हा मुद्दा मामाजींनी जिंकला, असं मला वाटलं. पण बहीण हरणाऱ्यातली नाही.

भाची : ठीक आहे, परंपरा सोडा. प्रयोग घ्या. २०२१ साली अमेरिकेत पस्तीस जणांवर करून पाहिलं, अठ्ठावीस पुरुष, सात बाया. वयानं, वंशानं विरळ होतात ते केस. रोज एकदा तीन-चार मिलिग्रॅम सीबीडी असलेलं तेल, सहा महिने. केसांची संख्या सरासरी साडेत्र्याण्णव टक्क्यांनी वाढली. जवळजवळ दुप्पट!

मामाजी : कुठली संख्या?

भाची : केसांची.

मामाजी : डोक्यावरच्या सगळ्या? माणसाच्या डोक्यावर लाखभर केस. ते कोण मोजणार? एक चौरस सेंटिमीटरएवढी जागा आखून मोजतात. समज तिथं वीस होते, ते एकोणचाळीस झाले. मी त्याला खोटं म्हणत नाही. पण दुप्पट म्हटलं की तुझ्या गिऱ्हाइकाला वेणी दिसते. आणि दुसरं सांग, त्या पस्तीस जणांच्या शेजारी आणखी पस्तीस होते का, ज्यांना नुसतंच तेल दिलं, आत काही नाही आणि त्यांनाही ते ठाऊक नाही?

भाची : नव्हते.

मामाजी : मग अर्धी गोष्ट झाली. सहा महिने रोज न चुकता टाळू चोळला की काही जणांचं गळणं आपोआपही थांबते.

भाची : मामाजी, तुम्ही तीस वर्षं मिनॉक्सिडिल विकलं ना?

मामाजी : विकलं.

भाची : ते कशाचं औषध होतं?

मामाजी : रक्तदाबाची गोळी. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर, कपाळावर केस यायला लागले. बायका तक्रार घेऊन आल्या. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की हेच डोक्याला लावून पाहू. १९८८ साली अमेरिकेत पुरुषांच्या टकलासाठी परवानगी मिळाली.

भाची : म्हणजे त्याचीही सुरुवात नुसत्या पाहण्यापासूनच झाली. शेजारी पस्तीस जण बसवायचं नंतर झालं. उद्या सीबीडीचंही होईल.

मामाजी : होऊ दे. झालं की विक. मिनॉक्सिडिल मी ८८ च्या आधी विकलं नाही.

भाची : पण विकलं तेव्हा समोरच्या बाईला विचारलं का, बाई तुझे केस कशानं गळतात?

मामाजींनी चष्मा काढला. गोठ्यात म्हैस हंबरली. त्यांना उत्तर यायला जो वेळ लागला तेवढ्यात मी चहा संपवला.

मामाजी : नाही विचारलं. काउंटरवर रांग असते. चिठ्ठी आणली, दिलं. चिठ्ठी नाही आणली तरी दिलं. लावायला लागल्यावर पहिले काही आठवडे जास्त केस गळतात, घाबरून सोडू नका, हे सुद्धा प्रत्येकाला सांगितलं नाही. सोडलं की उगवलेलं पुन्हा जाते, हेही नाही. तू म्हणतेस ते बरोबर आहे. म्हणूनच तुला म्हणतो, तुझ्या खुर्चीत बाई अर्धा तास बसते. माझ्यासमोर अर्धं मिनिट. तुला विचारता येते.

भाची : काय विचारू? मी डॉक्टर नाही. चामडीच्या डॉक्टरसाठी बालाघाट नाही तर गोंदिया गाठायचं, एक दिवस मोडायचा. त्या माझ्याकडे येतात कारण मी इथं आहे.

मामाजी : औषध देऊ नको. विचार. दोन-तीन महिन्यांआधी टायफॉइड, डेंग्यू, मोठा ताप आला होता का? बाळंतपण झालं का? उपास धरून वजन उतरवलं का? केस एकदम विश्रांतीला जातो आणि अडीच-तीन महिन्यांनी मुठीनं गळतो. बाईला वाटते परवाच्या शॅम्पूनं गेले. तोपर्यंत ताप विसरलेला असतो. असं गळणं बहुतेकदा आपणच थांबते, सहा महिन्यांत. त्या वेळेत जी बाटली हाताशी असेल तिला श्रेय.

भाची : आणि ताप नसेल तर?

मामाजी : पाळीत रक्त जास्त जाते का, धाप लागते का. आपल्याकडे रक्त कमी नसलेली बाई शोधून काढावी लागते. थायरॉईड. नाण्याएवढा गोल चकचकीत चट्टा पडला असेल तर ते वेगळं, लहान पोराच्या डोक्यात खपली धरून केस तुटत असतील तर ती बुरशी, गोळी लागते, तेलानं भागत नाही. आणि दिवसाला पन्नास-शंभर केस तसेही जातात. कंगव्यातला पुंजका पाहून रडणाऱ्या निम्म्या पोरींना एवढं सांगितलं तरी पुरे.

भाची : म्हणजे मी बाटली विकायची नाही आणि भाषण द्यायचं.

मामाजी : बुलढाण्याचं ऐकलंस ना?

ऐकलं कोणी नाही? २०२४ चा डिसेंबर सरत असताना शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून बातम्या यायला लागल्या. टाळूला खाज, मग दोन-चार दिवसांत केस हातात. बाया, पोरं, म्हातारे, एकाच घरातले तिघे. मामाजींनी ती कात्रणं ठेवली आहेत. उठून आत गेले आणि घेऊन आले.

मामाजी : हे पाहा. आधी म्हणाले पाणी खराब. नमुने घेतले. मग म्हणाले बुरशी. दिल्लीहून आयसीएमआरचं पथक आलं. लोकांनी डोक्याला काय काय लावलं असेल, विचार कर! आणि डॉक्टर हिंमतराव बावस्कर, आपले विंचूदंशावाले, महाडचे, ते म्हातारपणी गावागावांत फिरले. अठरा गावांत पावणेतीनशेच्या वर माणसं. त्यांनी रक्त, लघवी, केस आणि घरातला गहू तपासायला दिला. रेशनच्या गव्हात सेलेनियम त्या भागात पिकणाऱ्या गव्हाच्या कित्येक पटीनं जास्त आणि माणसांच्या अंगात जस्त कमी, असं त्यांचं म्हणणं. केस डोक्यावरून गेले, पण दोष ताटात होता.

भाची : हे मला पटलं. पण त्या पावणेतीनशेंपैकी एक बाई माझ्या खुर्चीत असती, तर मी तिला काय म्हणाले असते? गहू तपासून आण? तिला त्या दिवशी आरशात पाहायचं होतं, मामाजी. केस गेलेली बाई कशी बसते ते तुम्ही काउंटरवरून पाहिलं नाही. पदर कानामागं घट्ट, मान खाली, आरशाकडे पाहायचंच नाही. तिच्या टाळूला हात लावला की ती अर्धी मोकळी होते. मी तेल विकते म्हणजे तो हात विकते.

मामाजी : हाताचे पैसे घे. तेलाचे काहून?

भाची : कारण हाताचे पैसे इथं कोणी देत नाही! चंपीला पन्नास म्हटलं की घासाघीस. बाटलीला दीड हजार म्हटलं की गुपचूप काढून देतात.

यावर मामाजींकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नाही. गावातल्या बाईच्या कसबाला भाव नाही आणि शहरातून आलेल्या काचेला आहे, हे तिनं आम्हा दोघांना एका वाक्यात सांगून टाकलं होतं.

मामाजी : (थोड्या वेळानं, बाटली उजेडात धरून) चंपी करतेस ना हिनं?

भाची : हो. तेल घेतलं की मुरवेपर्यंत चोळायचं.

मामाजी : किती घेतेस? तळहातभर? म्हणजे पाच मिलिलिटर. यात तीस मिलिलिटरमध्ये तीनशे मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलिलिटरला दहा. तुझ्या चंपीत पन्नास मिलिग्रॅम गेलं. तुझ्याच अमेरिकेतल्या प्रयोगात तीन-चार होतं. दीड हजाराची बाटली सहा चंप्यांत संपली. थेंबानं लावली असतीस तर तीन महिने.

भाची : जास्त लागलं तर जास्त चांगलं ना?

मामाजी : तिथंच तर गंमत आहे. तू वाचलंस ते मीही थोडं वाचलं, माझ्या नातवाकडून. हंगेरीत डेब्रेत्सेनच्या लोकांनी माणसाच्या केसांची मुळं काढून काचेत वाढवली आणि त्यावर सीबीडी घातलं. २०२० ची गोष्ट. अगदी कमी घातलं तर दाह कमी होताना दिसला. जास्त घातलं तर केसाची वाढ मंदावली, मूळ वेळेआधीच झोपी जायला लागलं. काचेतलं माप टाळूवर जसंच्या तसं लागू होत नाही, हे मान्य. पण तळहातभर चोळावं असं त्यातून काही निघत नाही. खोबरेलाची सवय खोबरेलालाच ठीक.

भाची : त्याच लोकांनी आधी हेही दाखवलंय की सीबीडीनं त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी शांत होतात. २०१४ चं. मग कोंड्याला तरी चालेल की नाही? तेलकट टाळू, खाज, पिवळट पापुद्रे, अशा किती तरी येतात.

मामाजी : अर्क चालेलही एखादे वेळी, पण तो ज्या तेलात कालवलाय त्याचं काय? कोंड्यातली बुरशी, मॅलासेझिया, सगळ्यांच्याच टाळूवर असते आणि तेलावरच जगते. खाज सुटली म्हणून तेल थापायचं म्हणजे डुकराला शेत दाखवायचं. कोंड्याला कीटोकोनॅझोलचा शॅम्पू, आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून धुवायचा. ही गोष्ट मी मात्र काउंटरवरून हजार वेळा सांगितली, पण घरी जाऊन बाया पुन्हा तेलच लावत.

भाची : म्हणजे तुमच्या लेखी तेल लावणंच चूक.

मामाजी : असं कोण म्हणते? मामीला विचार, रविवारी न्हाण्याआधी तेल लावल्याशिवाय मला ती पाटावर बसू देते का. खोबरेल केसात शिरते, धुताना केसातलं प्रथिन कमी जाते, हे २००३ साली मुंबईत मोजून दाखवलंय, सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाच्या शेजारी ठेवून. मोजणारे मॅरिकोचेच, म्हणजे खोबरेल विकणारे. म्हणून एक डोळा उघडा ठेवून वाचायचं. पण शेजारी ठेवून मोजलं तरी. आणि ते असलेला केस तुटू नये म्हणून. नवा उगवायचं कोणी बोललं नाही.

अंधार पडायला लागला होता. बहिणीनं पहिली बाटली पिशवीत टाकली आणि दुसरी हातात ठेवून बसली. तिनं शेवटी जे विचारलं ते मला तिच्या सगळ्या बोलण्यात सर्वांत धंदेवाईक वाटलं आणि म्हणूनच आवडलं.

भाची : यात खरंच तीनशे आहे हे कशावरून?

मामाजी : (खूश होऊन) आता विचारलंस! अमेरिकेत २०१७ साली नेटवर विकल्या जाणाऱ्या चौऱ्याऐंशी मालांची तपासणी झाली. लेबलाप्रमाणे सीबीडी भरलं फक्त सव्वीसांत. अठरांत तर नशेचं टीएचसी सापडलं. एजंटाला फोन लाव. म्हण, या बॅचचा प्रयोगशाळेचा कागद पाठव. सीबीडी किती, टीएचसी किती, शिसं किती. आला तर पुढचं बोलू. आणि कागद आला तरी गरोदर बाईला नाही, पोटात तर कोणालाच नाही. बियांखेरीज भांग ही आयुर्वेदिक औषधांच्या विषारी द्रव्यांच्या सरकारी यादीत आहे. पोटात घ्यायची असेल तर बाटलीवर डॉक्टरच्या देखरेखीचा इशारा हिंदी-इंग्रजीत छापावा लागतो. ते काम वैद्याचं.

भाची : नाही आला तर?

मामाजी : तर परत कर. आणि ती बियांची असेल तर बियांची म्हणून ठेव, सीबीडीच्या नावानं नाही. भावही जवसाच्या भावंडाचा लाव.

भाची : त्यातही कोणाला खाज आली म्हणजे?

मामाजी : त्याला सोपं आहे. आण ती.

त्यांनी बाही वर केली, खिशातला बॉलपेन काढून कोपराच्या आतल्या बाजूला चवलीएवढं वर्तुळ काढलं आणि त्याखाली तारीख लिहिली, पावतीवर लिहावी तशी. बहिणीनं बियांच्या तेलाचा एक थेंब वर्तुळात सोडला. “उद्या संध्याकाळपर्यंत धुवायचं नाही, परवा पुन्हा पाहायचं. लाल झालं की तू आणि तुझा एजंट,” ते म्हणाले.

मामी दिवा लावायला बाहेर आल्या आणि त्यांचा उघडा हात पाहून थांबल्या.

“हे काय लावलं जी?”

“भांग.”

मामींनी दिवा जरा वर धरला, मामाजींच्या चकचकीत डोक्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “कुठं पाडला?”